बायोडेटा लिहून मिळेल... पण कुणाकडून?

नोकरीच्या बाजारात साहेबांची पहिली भेट होते ती उमेदवाराशी नव्हे, तर त्याच्या कागदाशी! हा कागद पैसे घेऊन लिहून देण्याचा धंदा आता चांगलाच फोफावला आहे. कोलकात्याच्या डलहौसी चौकातील टाइपरायटरपासून सॉल्ट लेकच्या संगणकापर्यंत झालेला या धंद्याचा प्रवास, आणि असा लेखनिक निवडताना प्रत्येक घराने घ्यायची काळजी...

कोलकात्याचा डलहौसी चौक, म्हणजे आजचा बिनय-बादल-दिनेश बाग. समोर लालभडक रायटर्स बिल्डिंग. थोडे पुढे गेले की हायकोर्ट आणि त्याच्या आसपासचे गजबजलेले रस्ते. इथल्या फुटपाथवर छपराखाली, लाकडी टेबलावर टाइपरायटर मांडून बसलेली मंडळी आजही दिसतात. संख्या घटली, केस पांढरे झाले, पण खटखट पूर्णपणे थांबलेली नाही. प्रतिज्ञापत्र, भाडेकरार, सरकारी अर्ज... सांगाल ते टाइप करून मिळते. एके काळी या यादीत आणखी एक महत्त्वाची गोष्ट असायची. ती म्हणजे नोकरीचा अर्ज आणि सोबतचा बायोडेटा!

बंगालीत नोकरीला शब्दच 'चाकरी'. आपल्याकडे 'उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी' असे म्हणत म्हणत पिढ्यान् पिढ्या नोकरीच्याच मागे धावल्या. कोलकात्याची गोष्ट काही वेगळी नाही. पदवी हातात पडली की बंगाली मुलगा पहिल्यांदा जायचा तो टाइप करणाऱ्या बाबूकडे. नाव, वडिलांचे नाव, पत्ता, जन्मतारीख, शिक्षण... बाबू विचारायचा, मुलगा सांगायचा. पाच-दहा मिनिटांत कागद तयार! मग त्याच्या प्रती काढायच्या आणि पोस्टात टाकत राहायच्या.

आज त्या मुलाचा नातू सॉल्ट लेकच्या सेक्टर फाइव्हमध्ये किंवा न्यू टाउनमध्ये नोकरी शोधतो. त्याचा अर्ज पोस्टाने जात नाही. पण कागद लिहून देणारा बाबू मात्र आजही आहे. फक्त तो आता फुटपाथवर बसत नाही. मोबाइलच्या पडद्यावर 'व्यावसायिक रेझ्युमे लेखन सेवा' अशा भारदस्त नावाने तो भेटतो आणि काही शेकड्यांपासून काही हजारांपर्यंत पैसे मागतो.

हे पैसे द्यावेत का? दिले तर कुणाला? आणि कोणती पारख करून?

रायटर्सपासून सुरुवात

गंमत पाहा. ज्या रायटर्स बिल्डिंगसमोर हे टायपिस्ट बसत आले, त्या इमारतीचे नावच मुळी नोकरीच्या अर्जदारांवरून पडले आहे! ईस्ट इंडिया कंपनीच्या कनिष्ठ कारकुनाला 'रायटर' म्हणत. त्यांच्यासाठी १७७७ साली या इमारतीचे काम सुरू झाले. रायटर व्हायचे तर इंग्लंडमधील पोराला कंपनीकडे रीतसर विनंतीअर्ज करावा लागे. सोबत बाप्तिस्म्याचा दाखला, म्हणजेच वयाचा पुरावा, आणि लेखन व हिशेब शिकल्याचे गुरुजींचे प्रमाणपत्र. १७४९ पासूनचे असे अर्ज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आजही जपून ठेवले आहेत. अर्थात, नुसत्या अर्जाने काम होत नसे. कंपनीच्या एखाद्या संचालकाची शिफारस लागायची. वशिला ही काही आपलीच मिरासदारी नव्हे! ही शिफारसीची पद्धत मोडीत निघाली ती १८५३ च्या कायद्याने, आणि १८५५ मध्ये पहिली स्पर्धा परीक्षा झाली.

पैसे देऊन अर्ज लिहून घेण्याची रीत तर याहूनही जुनी. सुमारे १४८२ साली लिओनार्दो दा विंचीने मिलानच्या लुडोविको स्फोर्झा या सत्ताधीशाकडे नोकरी मागण्यासाठी एक पत्र तयार केले. जगातला पहिला रेझ्युमे म्हणून त्याचा दाखला दिला जातो. त्या पत्राचा उपलब्ध मसुदा लिओनार्दोच्या हस्ताक्षरात नाही! तो कुणा सराईत लेखनिकाने लिहिला असावा, असे अभ्यासक मानतात. त्यातील मजकूर तर त्याहून बोलका आहे. युद्धाच्या धामधुमीत असलेल्या या धन्याला काय हवे, हे लिओनार्दोने ओळखले होते. म्हणून त्याने आधी हलके पूल, तोफा, वेढा घालण्याची यंत्रे यांची जंत्री दिली. चित्रकलेचा उल्लेख केला तो अगदी शेवटी, जाता जाता!

रेझ्युमेचे सारे शास्त्र या एका पत्रात आले. आपल्याला काय काय येते, यापेक्षा समोरच्याला त्यातले काय हवे आहे, हे आधी सांगायचे.

उसना सूट

कोलकात्याने नोकरीच्या शोधाचा जेवढा चटका सोसला, तेवढा क्वचितच एखाद्या शहराने सोसला असेल. सत्तरच्या दशकातील बेकारी तिथल्या सिनेमात कायमची उतरून बसली. सत्यजित राय यांच्या १९७० च्या 'प्रतिद्वंद्वी'मधील सिद्धार्थला मुलाखतीत दशकातील सर्वांत महत्त्वाची घटना विचारतात. तो चांद्रविजयाऐवजी व्हिएतनामच्या जनतेच्या लढ्याचे नाव घेतो आणि नोकरी हुकते. मृणाल सेन यांच्या 'इंटरव्ह्यू'मधील तरुणाची तर वेगळीच पंचाईत. नोकरी जवळजवळ पक्की, अट एकच, मुलाखतीला सुटाबुटात यायचे. लाँड्रीवाल्यांचा संप असल्याने स्वतःचा सूट अडकलेला. धावपळ करून उसना सूट मिळवतो, तोही वाटेत हरवतो. शेवटी धोतर नेसून जातो आणि नोकरी जाते.

व्यावसायिक लेखकाकडून लिहून घेतलेला रेझ्युमे हा असाच एक सूट आहे. मापाने शिवलेला असेल तर माणूस उठून दिसतो. दुसऱ्याच्या मापाचा असेल तर मुलाखतीच्या खोलीत शिरताच बाह्या लोंबू लागतात! म्हणून शिंपी निवडताना जी पारख करायची, तीच इथेही करायची.

टाइपरायटरचा जमाना सरला. मुंबईच्या गोदरेज कंपनीने १९५५ साली पहिला भारतीय टाइपरायटर बनवला होता. साताऱ्याजवळच्या शिरवळच्या कारखान्यातील त्यांचे उत्पादन २००९ मध्ये थांबले. मधल्या काळात कोलकात्याच्या कॉलेज स्ट्रीटवर, गडियाहाटला, शियालदहच्या गल्ल्यांत झेरॉक्स आणि डीटीपीची दुकाने आली, मग सायबर कॅफे आले. १९९७ मध्ये नोकरी डॉट कॉम सुरू झाले आणि अर्ज पोस्टाच्या पिशवीतून संगणकात गेला.

विटा-आटपाडीकडून देशभर पसरलेल्या गलाई व्यावसायिकांची मुले असोत की बँकेच्या बदलीमुळे परगावी स्थिरावलेली मराठी कुटुंबे, आता कोलकात्यात बसून पुण्याच्या कंपनीत आणि पुण्यात बसून कोलकात्याच्या कंपनीत अर्ज करता येतो. सोय झाली खरी. पण त्याचबरोबर स्पर्धकांची रांगही देशभर लांबली!

कागदाचे पुढे होते काय?

लेखक निवडण्याआधी आपला रेझ्युमे कोण वाचतो, हे समजून घ्यायला हवे. मोठ्या कंपन्यांत एका जागेसाठी शेकड्यांनी अर्ज येतात. ते सारे आधी संगणकाच्या एका प्रणालीत साठवले जातात. ही प्रणाली नाव, शिक्षण, अनुभव, कौशल्ये असे कप्पे पाडते. मग भरती करणारा अधिकारी त्यात शोध घेतो. उदाहरणार्थ, 'टॅली', 'जीएसटी', 'पाच वर्षे', 'कोलकाता'. हे शब्द ज्याच्या कागदावर सरळ सापडतात, तो वर येतो.

यामुळे होते असे की, दोन रकान्यांत मांडलेला, चौकटी आणि चित्रांनी सजवलेला रेझ्युमे माणसाला सुंदर दिसतो, पण कधी कधी संगणकाला नीट वाचताच येत नाही. फोन नंबर चित्रात दडला तर तो हरवतो. 'अनुभव' असे साधे शीर्षक न देता 'माझा सोनेरी प्रवास' असे काही दिले, तर यंत्र गोंधळते. या बाबतीत साधेपणाच कामाचा.

यंत्रानंतर माणूस. २०१८ साली अमेरिकेतील एका पाहणीत भरती अधिकाऱ्यांची नजर कागदावर कशी फिरते, ते मोजले गेले. पहिल्या चाळणीत एका रेझ्युमेला सरासरी ७.४ सेकंद मिळतात, असे दिसून आले. म्हणजे पानाच्या वरच्या तिसऱ्या हिश्श्यात जे आहे, तेच पहिल्यांदा वाचले जाणार.

म्हणून जुना बायोडेटा आता चालत नाही. आपल्याकडे बायोडेटा म्हटले की आधी लग्नच आठवते! त्याच सवयीने नोकरीच्या कागदावरही वडिलांचे नाव, धर्म, जात, उंची, वैवाहिक स्थिती असे सगळे येते. खासगी नोकरीसाठी त्याची गरज नसते. आधार, पॅन, पासपोर्ट यांचे क्रमांक तर चुकूनही लिहू नयेत. तो कागद किती हातांतून जाईल, याचा भरवसा नसतो.

कुणाला गरज, कुणाला नाही?

प्रत्येकाने पैसे देऊन रेझ्युमे लिहून घ्यावा, असे मुळीच नाही.

समजा, हावड्याची एखादी मुलगी नुकतीच बी.कॉम. झाली आहे. अनुभव नाही. तिच्या एका पानावर शिक्षण, एखादा प्रकल्प, उन्हाळ्यात केलेले काम आणि येणारी संगणकाची कौशल्ये एवढेच येणार. हे काम कॉलेजच्या प्लेसमेंट विभागात, एखाद्या प्राध्यापकाच्या किंवा नोकरीतल्या मामा-काकांच्या मदतीने तासाभरात होते. तिने हजारो रुपये मोजायचे कारण नाही.

सरकारी नोकरीसाठी तर ही सेवा जवळजवळ निरुपयोगीच. तिथे ठरलेला अर्ज भरायचा आणि परीक्षा द्यायची. सुंदर रेझ्युमेने एक गुणही वाढत नाही.

पण समजा, हुगळीकाठच्या एका ज्यूट मिलमध्ये बावीस वर्षे हिशेब सांभाळलेला माणूस अठ्ठेचाळिसाव्या वर्षी बाहेर पडला. त्याने आयुष्यात एकदाच अर्ज केला होता, तोही टाइप करून. बावीस वर्षांचे काम दोन पानांत कसे मांडायचे, हे त्याला उमगत नाही. किंवा समजा, एखाद्या घरची सून मुलांसाठी सहा वर्षे घरी राहून पुन्हा नोकरीकडे वळते आहे. मधल्या सहा वर्षांचे काय लिहायचे, या विचारानेच तिचा हात थांबतो. किंवा शिक्षकी सोडून कुणाला कंपनीच्या प्रशिक्षण विभागात जायचे आहे. अशांना चांगला लेखक खरोखरच उपयोगी पडतो. बाहेरचा माणूस प्रश्न विचारतो तेव्हाच आपण काय काय केले, ते आपल्याला आठवते.

दुकाने चार प्रकारची

आज ही सेवा साधारण चार ठिकाणी मिळते. पहिले, गल्लीतले डीटीपी-झेरॉक्सचे दुकान. स्वस्त आणि झटपट. पण ते टाइप करून देतात. लिहून देत नाहीत. मजकूर तुमचा तयार असेल तर उत्तम सोय.

दुसरे, एकट्याने काम करणारे लेखक. यांतले काही जण आधी कंपन्यांच्या भरती विभागात काम केलेले असतात. अशांशी थेट बोलता येते. मात्र नाव, कामाचा पूर्वानुभव पडताळून पाहावा लागतो.

तिसरे, नोकरीच्या संकेतस्थळांची स्वतःची सशुल्क सेवा. कंपनी मोठी असते, पावती मिळते, तक्रारीला जागा असते. पण तुमचा कागद नेमका कोण लिहिणार, हे बऱ्याचदा कळत नाही. एक गैरसमजही इथेच होतो. संकेतस्थळाला पैसे दिले म्हणजे त्यावरच्या कंपन्या आपल्याला आधी बोलावतील, असे लोकांना वाटते. रेझ्युमे लिहून घेणे वेगळे आणि नोकरी मिळणे वेगळे.

चौथे, करिअर सल्ला देणाऱ्या एजन्सी. रेझ्युमे, सोबतचे पत्र, लिंक्डइनवरची माहिती, मुलाखतीची तयारी असे एकत्रित पॅकेज देतात. यातले तुम्हाला खरोखर काय हवे, तेवढेच घ्यावे. लग्नाच्या हॉलसारखे आहे हे! एकदा पॅकेजमध्ये शिरलात की नको त्या गोष्टींचेही पैसे जातात.

शिंपी माप घेतो का?

मग चांगला लेखक ओळखायचा कसा? वकिलाला सनद लागते, सीएला परीक्षा. रेझ्युमे लिहिणाऱ्याला आपल्याकडे अशी कुठलीच सनद लागत नाही. अमेरिकेत रेझ्युमे लेखकांची एक व्यावसायिक संघटना प्रमाणपत्र देते. काही भारतीय लेखकांकडेही ते असते. असले तर चांगलेच. पण खरी परीक्षा वेगळी आहे.

ती अशी : लेखक तुम्हाला प्रश्न किती विचारतो?

पैसे घेतले, जुना बायोडेटा मागितला आणि दोन दिवसांत रंगीत कागद पाठवला, असे असेल तर त्याने फक्त कपडे बदलले. चांगला लेखक आधी विचारतो की, कोणत्या कामासाठी अर्ज करायचा आहे? तशा दोन-तीन जाहिराती दाखवता का? रोज नेमके काय करत होता? तुमच्या हाताखाली किती माणसे होती? तुम्ही आल्यावर काय बदलले? तो फोनवर अर्धा-पाऊण तास बोलतो किंवा सविस्तर प्रश्नावली भरून घेतो. हे माप घेणे आहे. मापाशिवाय शिवलेला सूट कुणालाही बसेल, म्हणजेच कुणालाही नीट बसणार नाही.

उदाहरणच घ्या. गडियाहाटच्या एखाद्या साड्यांच्या दुकानात हिशेब पाहणाऱ्या बाईंच्या जुन्या कागदावर असते, 'हिशेबाचे काम पाहिले. मेहनती व प्रामाणिक.' वाचणाऱ्याला यातून काहीच कळत नाही. मेहनती आणि प्रामाणिक तर सगळेच असतात, निदान कागदावर! चांगला लेखक विचारतो, किती बिले? कशावर नोंद? उधारी कोण वसूल करायचे? मग त्याच ओळीचे होते, 'दरमहा सुमारे चारशे बिलांची टॅलीमध्ये नोंद; जीएसटीची विवरणपत्रे स्वतः तयार केली; पूजेच्या हंगामात तीन मदतनिसांकडून काम करून घेतले; जुन्या उधारीची यादी लावून वसुली केली.' बाई त्याच, काम तेच. पण आता ते दिसते.

यात एक पथ्य मात्र कडक पाळायचे. कागदावरचा प्रत्येक आकडा तुमचा असला पाहिजे. मुलाखतीत कुणी 'हे कसे केलेत?' असे विचारले तर दोन मिनिटे न अडखळता सांगता आले पाहिजे. सांगता येत नसेल, तर तो आकडा लेखकाचा आहे, तुमचा नव्हे.

खोट्याचा धागा उसवतो

काही लेखक गिऱ्हाइकाला खूश करण्यासाठी पदे फुगवतात. सहायकाचा 'व्यवस्थापक' होतो, सहा महिन्यांच्या रिकाम्या जागेत एखादी नसलेली कंपनी येते, अपुरा कोर्स 'पूर्ण' होतो. हे ज्याच्या सहीने जाते, त्याच्याच अंगाशी येते. लेखकाचे नाव कुठेच नसते!

२०१२ मध्ये याहू या बलाढ्य कंपनीचे प्रमुख स्कॉट थॉम्पसन यांना काही महिन्यांतच पद सोडावे लागले. त्यांच्या परिचयपत्रात लेखाशास्त्राबरोबर संगणकशास्त्राचीही पदवी लिहिलेली होती; प्रत्यक्षात पदवी होती फक्त लेखाशास्त्राची. एवढ्या मोठ्या माणसाला दोन शब्द महागात पडले, तर नवख्या उमेदवाराचे काय? आपल्याकडे आयटी क्षेत्रात २००६ मध्ये नॅसकॉमच्या पुढाकाराने कर्मचाऱ्यांच्या माहितीची नोंदवही सुरू झाली. अनेक कंपन्या नेमणुकीआधी किंवा नंतर शिक्षण आणि जुन्या नोकरीची पडताळणी बाहेरच्या संस्थेकडून करून घेतात. भविष्य निर्वाह निधीच्या नोंदींतूनही नोकरीच्या तारखा कळतात. खोटे सापडले की मिळालेली नोकरीही जाते, आणि पुढच्या ठिकाणी त्याचे कारण सांगावे लागते.

मधली रिकामी वर्षे लपवायची गरज नसते. 'कौटुंबिक जबाबदारीसाठी विराम' असे सरळ लिहावे आणि त्या काळात काही शिकले, शिकवण्या घेतल्या, सोसायटीचे हिशेब पाहिले, तर तेही लिहावे. ते खरे काम आहे.

सावध! नोकरीच विकणारे

सगळ्यात मोठा धोका मात्र वेगळाच आहे. रेझ्युमेच्या नावाखाली नोकरीच विकायला बसलेली मंडळी! पद्धत ठरलेली. आधी फोन येतो, तुमचा रेझ्युमे अमुक मोठ्या कंपनीने निवडला आहे, पण तो 'योग्य स्वरूपात' नाही. तो करून घेण्यासाठी थोडे पैसे भरा. भरले की नोंदणी शुल्क. मग मुलाखतीचे शुल्क, कागदपत्रांच्या पडताळणीचे शुल्क, परत मिळणारी अनामत... साखळी लांबतच जाते. प्रत्येक टप्प्यावरची रक्कम एवढी बेताची की आधीचे पैसे बुडू नयेत म्हणून माणूस पुढचे भरतो. २०१८ मध्ये हैदराबादेत पोलिसांनी नोकरीच्या एका संकेतस्थळाच्या प्रमुखाला अशाच आरोपांवरून अटक केली होती, तेव्हा तक्रारदार देशभर विखुरलेले होते.

घरातले दागिने गहाण ठेवून, आईच्या पेन्शनमधून असे पैसे भरले जातात, म्हणून हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवे. नियम एकच, साधा. नोकरी देणारी कंपनी उमेदवाराकडून पैसे मागत नाही. रेझ्युमे लिहिणारा नोकरीची हमी देऊ शकत नाही. जो देतो, तो एक तर स्वतःला फसवतो किंवा तुम्हाला!

परदेशातील नोकरीचे आमिष असेल तर आणखी सावध राहावे. १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार परदेशात नोकरीसाठी माणसे पाठवणाऱ्या एजंटाकडे केंद्र सरकारची नोंदणी लागते आणि त्याच्या सेवाशुल्कालाही तीस हजार रुपये अधिक जीएसटी अशी मर्यादा आहे. सरकारच्या 'ई-मायग्रेट' संकेतस्थळावर नोंदणीकृत एजंटांची यादी पाहता येते. कोलकाता, मुंबईसारख्या शहरांत उत्प्रवास संरक्षकांची कार्यालयेही आहेत. तिथे एक चक्कर मारली तर लाखाचे नुकसान टळते.

फसवणूक झालीच तर गप्प बसू नये. ऑनलाइन पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करावा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम मध्येच थोपवली जाण्याची शक्यता अधिक. पैसे घेऊन ठरलेले काम केले नाही, अशी तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. त्यानेही भागले नाही तर ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. दुकान कोलकात्याचे आणि गिऱ्हाईक कोल्हापूरचे असले तरी! दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी. मात्र पावती, संदेश, ईमेल जपून ठेवायला हवेत. तोंडी व्यवहाराला पुरावा नसतो.

फुकट काय मिळते?

पैसे मोजण्याआधी फुकटच्या वाटाही पाहाव्यात. केंद्रीय श्रम मंत्रालयाची 'नॅशनल करिअर सर्व्हिस' २०१५ पासून सुरू आहे. उमेदवाराला तिथे विनामूल्य नोंदणी करता येते. कॉलेजचे प्लेसमेंट विभाग माजी विद्यार्थ्यांनाही अनेकदा मदत करतात. आणि २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यापासून तर कुणीही मिनिटभरात रेझ्युमे तयार करून घेऊ शकतो.

पण इथेही तोच शिंप्याचा न्याय. यंत्राला तुमचे काम माहीत नसते. तुम्ही सांगितले नाही तर ते गुळगुळीत, सगळ्यांना सारखीच बसणारी वाक्ये देते आणि कधी कधी नसलेली कर्तबगारीही चिकटवते. अधिकाऱ्याच्या टेबलावर अशी एकाच साच्याची दहा पाने आली की त्यांचा रंग लगेच उतरतो. इंग्रजी दुरुस्त करायला, जाहिरातीतील नेमके शब्द शोधायला यंत्राची मदत जरूर घ्यावी. आपली हकिगत मात्र आपणच सांगावी.

पैसे देण्यापूर्वी हे तपासा

• लेखकाशी प्रत्यक्ष किंवा फोनवर बोलता येते का? तुमचा कागद नेमका कोण लिहिणार?
• तुमच्या क्षेत्रातील दोन-तीन नमुने, आधीचा आणि नंतरचा, नावे झाकून दाखवतो का?
• किती दिवसांत, किती पानांचा, किती वेळा दुरुस्त करून देणार, हे लेखी आहे का?
• वर्ड फाइल देणार का? नुसती पीडीएफ मिळाली तर पुढच्या वेळी एक तारीख बदलायलाही पुन्हा पैसे!
• पसंत पडले नाही तर पैसे परत मिळण्याची अट काय?
• जीएसटी लावत असेल तर बिलावर नोंदणी क्रमांक आहे का? तो सरकारी संकेतस्थळावर पडताळता येतो.
• पैसे कंपनीच्या खात्यात जातात की कुणाच्या खासगी मोबाइल क्रमांकावर? शक्यतो निम्मे आधी, निम्मे काम झाल्यावर.
• तुमची माहिती तो दुसऱ्या कुणाला देणार नाही ना? आधार-पॅन मागत असेल तर दुकान बदला.
• 'शंभर टक्के नोकरी', 'आजच भरा, उद्या महाग' अशी घाई करतो का? उठा आणि निघा.
• तयार झालेला कागद घरातल्या एखाद्याला वाचायला द्या. 'हा तूच ना?' असा प्रश्न आला, तर परत पाठवा.

डलहौसी चौकातला टाइपरायटरवाला बाबू विचारायचा, नाव काय, बापाचे नाव काय, पास कधी झालास. त्याला तेवढ्याचेच पैसे मिळायचे आणि तो तेवढेच इमानाने लिहायचा. आजचा लेखक दहापट, वीसपट पैसे मागतो. मग त्याने पुढचा प्रश्नही विचारायला हवा : तू काय केलेस?

या प्रश्नाचे उत्तर कुठल्याच दुकानात विकत मिळत नाही. ते आपल्यापाशीच असते. म्हणून लेखकाकडे जाण्याआधी एका संध्याकाळी वही-पेन घेऊन बसावे. केलेली कामे, हाताळलेली माणसे, निस्तरलेल्या अडचणी, सारे आठवेल तसे लिहून काढावे. कदाचित ते लिहिता लिहिताच लक्षात येईल की, लेखकाची गरज आता फक्त शुद्धलेखनापुरतीच उरली आहे!